खुर्ची सोडल्यानंतरची दोन वर्षं

मागच्या भागानंतर अनेकांनी एकच प्रश्न विचारला : "सर, तुम्ही वीज नियामक आयोगाचे सदस्य होतात, आता वीज कंपन्यांना सल्ला देता. मग आमच्या बाजूने कोण?" प्रश्न टोचणारा आहे, पण रास्त आहे.

आधी आयोगाचं काम पाहू. कंपनी दरवाढीचा अर्ज करते. ग्राहकांच्या हरकती येतात आणि १२० दिवसांत निकाल द्यायचा असतो. समजा, गळती आणि चोरीत १८ टक्के वीज जाते असं कंपनी म्हणाली आणि आयोगाने १५ टक्केच मान्य केली. मग उरलेल्या ३ टक्क्यांचा बोजा सरसकट तुमच्या बिलात टाकता येत नाही.

हा आकडा ठरवणाऱ्याला उद्याची नोकरी त्याच कंपनीत दिसत असेल तर? म्हणून २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ८९ ने कुंपण घातलं. पद सोडल्यावर दोन वर्षं वीज उद्योगात नोकरी, संचालकपद, सल्लागारी, काहीही नाही. कोणाच्याही वतीने आयोगापुढे उभं राहायचं नाही, आणि या बंदीला तर मुदतच नाही.

मी निवृत्त झालो त्याच महिन्यात एका कंपनीचा फोन आला. "सल्लागार म्हणू नका, नुसतं अधूनमधून बोलत जा." मी नाही म्हटलं. पण फोन ठेवल्यावर मनात आलं, मी हो म्हणेन असं यांना का वाटलं? माझ्या कुठल्या निकालामुळे? त्या रात्री जुने निकाल काढून वाचत बसलो.

दोन वर्षांनी सल्लागारी सुरू केली. कोणता खर्च आयोगापुढे टिकणार नाही, हे मी कंपन्यांना सांगतो. ज्या कंपन्यांचे निकाल मी दिले, त्यांचं काम घेत नाही. हा नियम कायद्याचा नाही, माझा आहे.

तरीही कंपनीला सल्लागार परवडतो, तुम्हाला नाही. त्यासाठी कलम ९४ आहे : ग्राहकांचं म्हणणं मांडायला आयोग प्रतिनिधी नेमू शकतो. महाराष्ट्रात पुण्याच्या 'प्रयास'ने हे काम केलं आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला की बेळगावला, दरवाढीची जाहीर सूचना आली की वाचा आणि हरकत नोंदवा. समोरून कोणी बोललंच नाही, तर आयोगापुढे फक्त कंपनीचे आकडे उरतात. खुर्चीत बसून मी हे पाहिलं आहे.