मशीन घेण्याआधी विचारा: हे कोणत्या लहरीवर चालतं?



गोष्ट २०२० ची. लॉकडाऊननंतर दुकान उघडलं, तेव्हा नोटा हातात घ्यायचीही भीती वाटायची. म्हणून मी जंतू मारणारा यूव्ही दिवा आणला आणि गल्ल्याजवळ उघडाच लावला. विकणारा म्हणाला, "नुसता लाईट आहे, काही होत नाही." दुकानातला मुलगा दिवसभर त्याच्यासमोर उभा होता. रात्री त्याचा फोन आला, "दादा, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय, डोळे उघडवत नाहीत." डॉक्टर म्हणाले, वेल्डिंगवाल्यांचे डोळे भाजतात तसाच प्रकार आहे. दोन दिवसांत तो बरा झाला, पण चूक माझी होती. बीबीएला मार्केटिंग शिकलो, अकाउंट्स शिकलो. मशीनमधून नेमकं काय बाहेर पडतं, हे विचारायला मात्र शिकलो नव्हतो.

तुमचे पैसे आणि तुमच्या माणसाचे डोळे, दोन्ही वाचावेत म्हणून आजचा विषय.

कुटुंब एक, भावंडं सात

रेडिओ, मायक्रोवेव्ह, इन्फ्रारेड, दिसणारा प्रकाश, अल्ट्राव्हायोलेट, एक्स-रे आणि गॅमा. या सगळ्या विद्युतचुंबकीय लहरी. पोकळीत सगळ्यांचा वेग सारखाच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. फरक आहे तो तरंगलांबीचा, म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतच्या अंतराचा. हे अंतर जितकं कमी, तितकी त्या लहरीच्या एकेका कणाची ऊर्जा जास्त. अल्ट्राव्हायोलेटपासून पुढे ही ऊर्जा शरीरातल्या पेशींना इजा करण्याइतकी वाढते.

म्हणून मशीन घेताना तीन प्रश्न विचारायचे. लहर कोणती? ती कशाने अडते? माणसाला इजा करते का?

१. रेडिओ

एफएमची लहर साधारण ३ मीटर लांब असते. मोबाईल नेटवर्क, वाय-फाय, ब्लूटूथ प्रिंटर, पेमेंटचा साउंडबॉक्स हे सगळं याच घरातलं. ही लहर विटांच्या भिंतीतून बऱ्यापैकी जाते, धातूपुढे मात्र अडते. साउंडबॉक्स लोखंडी रॅकच्या मागे ठेवलात, तर पैसे जमा होऊनही तो बोलणार नाही. कस्टमर समोर उभा आणि आपण बॉक्सकडे बघत बसलोय, असं व्हायला नको.

२. मायक्रोवेव्ह

ओव्हनमध्ये २.४५ गिगाहर्ट्झची, साधारण १२ सेंटीमीटर लांबीची लहर असते. ती अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवते आणि अन्न तापतं. दारावरच्या जाळीची भोकं या लहरीपेक्षा खूपच लहान असतात, म्हणून ती बाहेर पडत नाही. जाळी किंवा दार खराब झालेला जुना ओव्हन स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

आणखी एक. वाय-फायसुद्धा २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, त्यामुळे ओव्हनमधून होणारी किरकोळ गळतीही त्यात अडथळा आणते. स्नॅक्स सेंटरमध्ये ओव्हन लावला की बिलिंग अडकत असेल, तर नवीन राउटर घ्यायच्या आधी जुना ओव्हनपासून लांब ठेवून बघा, किंवा ५ गिगाहर्ट्झचं सेटिंग करा. खर्च शून्य.

३. इन्फ्रारेड

टीव्हीचा रिमोट, सीसीटीव्हीचं रात्रीचं चित्र आणि तापमान मोजायची गन, तिन्ही यावर चालतात. कॅमेरा काचेच्या आत लावला, तर रात्री त्याचाच इन्फ्रारेड उजेड काचेवरून परत येतो आणि चित्र पांढरं पडतं. कॅमेरा काचेबाहेर लावा. तापमानाची गन फक्त वरचा पृष्ठभाग मोजते. चकचकीत स्टीलवर तर ती चुकीचा आकडा दाखवते.

४. दिसणारा प्रकाश

४०० ते ७०० नॅनोमीटर एवढाच पट्टा आपल्याला दिसतो. मसाला, पापड, लोणचं पॅक करणाऱ्यांनी हे नीट वाचा. बरेच बारकोड स्कॅनर लाल प्रकाश टाकतात. त्या प्रकाशात लाल रेघा आणि पांढरा कागद सारखेच दिसतात. पाकीट सुंदर दिसावं म्हणून बारकोड लाल छापलात, तर माल स्कॅनच होणार नाही. पांढऱ्यावर काळा, हेच बरं.

५. अल्ट्राव्हायोलेट

यात दोन प्रकार वेगळे ओळखा. नोटा तपासायचा दिवा साधारण ३६५ नॅनोमीटरचा असतो. त्याखाली खऱ्या नोटेचा नंबर आणि कागदातले बारीक तंतू चमकतात. जंतू मारणारा दिवा २५४ नॅनोमीटरचा. माझी चूक इथेच झाली. हा दिवा बंद पेटीतच हवा, डोळ्यांवर आणि कातडीवर त्याचा उजेड पडता कामा नये. वॉटर प्युरिफायरमध्येही तोच असतो. तो जंतू मारतो, पण पाण्यातले क्षार कमी करत नाही. बोअरचं पाणी खारट असेल तर नुसता यूव्ही घेऊन उपयोग नाही.

६. एक्स-रे

सराफाकडचं कॅरेट मोजणारं मशीन दागिना न तोडता शुद्धता सांगतं, पण वरच्या पातळ थराचीच. जाड मुलामा असेल तर फसगत होऊ शकते. म्हणून हॉलमार्किंग केंद्रात थोडं सोनं काढून भट्टीतही तपासतात. असं मशीन घेणार असाल, तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांचे कागद विक्रेत्याकडे आधी मागा.

७. गॅमा

ही दुकानात येत नाही, पण धंद्यात येते. नवी मुंबईत वाशीला २००० पासून मसाल्यांवर गॅमा प्रक्रिया होते. लासलगावला २००२ मध्ये 'कृषक' केंद्र सुरू झालं, ते कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. २००७ मध्ये भारतीय आंबा पुन्हा अमेरिकेला जाऊ लागला, तोही याच प्रक्रियेमुळे. कोबाल्ट-६० मधून निघणारी ही किरणं आरपार जातात, पण माल किरणोत्सारी होत नाही. मसाला निर्यात करायचं स्वप्न असेल, तर ही सोय आपल्या राज्यात आहे हे लक्षात ठेवा.

आता तुमचं काम

आज दुकानातल्या प्रत्येक मशीनपुढे ते तीन प्रश्न वहीत लिहा. एखाद्याचं उत्तर येत नसेल, तर विक्रेत्याला फोन करा. त्यालाही येत नसेल आणि तो "नुसता लाईट आहे" म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा. माझ्या दुकानातला तो मुलगा आता स्वतःचं दुकान चालवतो. मशीन घेताना पहिला प्रश्न तो हाच विचारतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत!