खाज न सुटण्याचं श्रेय

जत्रेत घेतलेला झुमक्यांचा एकच जोड दोघी बहिणी आलटून पालटून घालतात. एकीच्या कानाची पाळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल होते, खाजते, पाझरायला लागते. दुसरीला काहीच होत नाही. खोट्या दागिन्यांतलं निकेल घामात विरघळतं आणि दोघींच्याही कातडीत शिरतं. पहिलीला काय झालं ते डॉक्टर लगेच सांगतील: निकेलची ॲलर्जी. दुसरीला काहीच का झालं नाही, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरं कोडं तेच आहे.

दुसरीच्या शरीरानं निकेलची दखलच घेतली नसावी, असं आपल्याला वाटतं. 2003 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी निकेल अजिबात न बाधणाऱ्या लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा वेगळंच दिसलं. निकेल ओळखून चवताळू शकतील अशा प्रतिकारशक्तीच्या टी पेशी त्यांच्याही रक्तात होत्या. पण सोबत त्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशीही होत्या. प्रयोगशाळेत या नियामक पेशी बाजूला काढून निकेल समोर आणलं, तशा पहिल्या पेशी भराभर वाढू लागल्या. ॲलर्जी असलेल्यांच्या नियामक पेशींना मात्र हा आवर घालणं फारसं जमत नव्हतं. थोडक्यात, खाज सुटत नाही तेव्हाही कुणीतरी राबत असतं.

या नियामक पेशींचा माग जपानच्या शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये काढला. त्यांची जडणघडण ज्यावर अवलंबून असते ते फॉक्सपी-3 हे जनुक मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शोधलं. तिघांना 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या जनुकात मोठा बिघाड घेऊन जन्मलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि चिवट इसब होतो. आवर सुटला की काय होतं, ते त्यांच्या अंगावर दिसतं.

पण कुणाला सोसायचं आणि कुणावर तुटून पडायचं, हे ठरतं कसं? कातडीच्या अगदी वरच्या थरात फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी असतात. 1868 मध्ये बर्लिनमध्ये वैद्यकाचं शिक्षण घेणाऱ्या 21 वर्षांच्या पॉल लँगरहान्सनं सोन्याच्या क्षारानं कातडी रंगवली, तेव्हा त्या त्याला दिसल्या. त्या मज्जापेशी असाव्यात, असा त्याचा समज झाला. त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी आहेत हे कळायला शंभरावर वर्षं गेली. बाहेरून आलेल्या पदार्थाचा कण उचलायचा, काखेतल्या किंवा मानेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत जायचं आणि तो टी पेशींना दाखवायचा, हे त्यांचं काम. त्या फक्त धोक्याची वर्दी देतात, असं बराच काळ मानलं जात होतं. फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी 2012 मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. उंदरांच्या कातडीला आधी एक सौम्य रसायन लावलं, तर पुढे त्याच जातीच्या जहाल रसायनालाही ते सोसतात. लँगरहान्स पेशी आधीच काढून टाकल्या, तेव्हा हे सोसणं साधलंच नाही.

एकच पेशी कधी शांतता शिकवते, कधी भांडण लावते. पुष्कळसं अवलंबून असतं ते आजूबाजूच्या कातडीच्या अवस्थेवर. कातडी फुटली, सुजली की तिच्या साध्या पेशीही धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात आणि त्या गदारोळात दिसलेला निरुपद्रवी पदार्थही शत्रू ठरतो. शेंगदाण्याचंच पाहा. त्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी अनेकांच्या अंगावरच्या पुरळावर तान्हेपणी शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली गेली होती, असं ब्रिटनमध्ये 2003 साली आढळलं. उलट, 2023 मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या पाठीवर, धडक्या कातडीवर, रोज एक पट्टी चिकटवली. तीत शेंगदाण्याचं प्रथिन होतं अवघं 250 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका दाण्याच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. वर्षभरात 67 टक्के मुलांची सोसण्याची क्षमता ठरवलेल्या पातळीपर्यंत वाढली. नुसत्या पट्टीनं ती 33.5 टक्क्यांची वाढली.

निकेलची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. जंतूंची चाहूल घेणारा टीएलआर-4 हा माणसाच्या पेशींवरचा रेणू निकेल थेट चिकटल्यानंही चेततो, असं 2010 मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं. म्हणजे पाहुणा स्वतःच आरडाओरडा करत येतो. त्यात कान नुकते टोचलेले असले, तर जखम आणि निकेल यांची गाठ पडते. युरोपातल्या काही पाहण्यांत, कान टोचण्याआधी ज्या मुलींच्या दातांना तारा बसवल्या होत्या, त्यांच्यात निकेलची ॲलर्जी कमी आढळली. त्या तारांतलं निकेल थोडंथोडं तोंडावाटे पोटात जातं, आणि पोटातून झालेली ओळख सहसा सोसण्याकडे नेते.

स्टेरॉइडचं मलम चिडलेल्या पेशींना गप्प करतं. सोसायला शिकवत नाही. एकदा जडलेली निकेलची ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते. म्हणून जपायचं ते सुरुवातीला. कान-नाक टोचल्यावर जखम पूर्ण भरेपर्यंत खोटं काही घालू नये. आणि बाळाला इसब असेल, तर न्हाऊ घालताना डाळीचं पीठ खसाखसा चोळू नये.