जुन्या घड्याळाची डायल : मूळ की रंगवलेली?

मुंबईच्या चोर बाजारात जुनी फेवर-ल्युबा किंवा एच.एम.टी. घ्यायला जाणारे गिऱ्हाईक चकचकीत डायलवर भुलते. आमचे सांगणे उलट आहे. केस झिजलेली आणि डायल मात्र कोरी करकरीत दिसली, तर आधी भिंग मागा.

कारखान्याच्या छपाईतली अक्षरे बारीक व रेखीव असतात. हाताने रंगवून घेतलेल्या डायलवर ती बहुधा जाड, पसरट दिसतात. मिनिटांच्या रेघा आकड्यांसमोर नेमक्या येतात का, तेही पाहा. स्विस घड्याळात सहाखालच्या ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ असेल, तर आपण ज्याला सरसकट रेडियम म्हणतो तो रंग ट्रिटियमचा असतो. ट्रिटियमचे तेज सुमारे १२ वर्षांत निम्मे होते. १९६०-७० च्या दशकातले असे घड्याळ आज अंधारात लख्ख चमकत असेल, तर तो रंग नंतर लावलेला समजा.

डायल रंगवणे हा गुन्हा नाही; ती कारागिराची रोजी आहे. पण रंगवलेली डायल मूळ म्हणून विकणे ही सरळ फसवणूक. दुकानदारांना आम्ही एवढेच सुचवू : स्वतःहून सांगा, बिलावर लिहून द्या. भाव थोडा उतरेल, पण गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडेच येईल.