पोर्तुगीज गेले, मग झाड आलं

वसईच्या नाताळातलं जे जे दिसेल ते पोर्तुगीजांच्या खात्यावर मांडायची आपल्याला सवय आहे. त्याला कारणही आहे. १५३४च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली, ती मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत त्यांच्याच हाती होती. या दोनशे वर्षांत इथला ख्रिस्ती समाज घडला. त्यामुळे चांदणी, गोठा आणि सजवलेलं झाड एकाच गलबतातून उतरलं असावं, असा समज सहज होतो. झाडापुरता तो तारखांशी जुळत नाही.

पोर्तुगालच्या राजवाड्यात नाताळचं झाड दिसू लागलं ते १८४०च्या दशकात. राणी दुसरी मारिया हिचा पती फर्डिनांड जर्मन घराण्यातला; त्याने आपल्या घराण्याची ही रीत लिस्बनला नेली. तोवर वसई हातची जाऊन शंभर वर्षं उलटली होती. जी रीत मायदेशीच रुळली नव्हती, ती पोर्तुगीज इथे आणणार कुठून?

ऱ्हाइनकाठची रीत

झाडाचे जुने कागद सापडतात ते ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात. आज फ्रान्समध्ये असलेल्या सेलेस्ता गावाच्या १५२१च्या हिशेबवहीत, नाताळच्या सुमाराला जंगलातली झाडं राखणाऱ्या रखवालदारांना चार शिलिंग दिल्याची नोंद आहे. म्हणजे लोक झाडं तोडून नेत होते आणि गावाला त्याची काळजी वाटत होती. शेजारच्या स्ट्रासबर्गमधलं १६०५चं वर्णन अधिक बोलकं आहे: दिवाणखान्यात फरचं झाड उभं करून त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि मिठाई टांगत.

सफरचंदच का? २४ डिसेंबर हा आदाम आणि एवा यांचा स्मरणदिन. त्या सुमाराला होणाऱ्या धार्मिक नाटकांत एदेन बागेतलं झाड म्हणून सफरचंदं लावलेलं हिरवं झाड उभं करत. नाताळच्या झाडाचा एक पूर्वज हा, असं अनेक अभ्यासक मानतात. पुढे जर्मनीतल्या लाउशा गावच्या काचकारागिरांनी फुंकून घडवलेले काचेचे गोळे फळांच्या जागी आले.

ही रीत मुख्यतः प्रोटेस्टंट घरांत वाढली. तिथेही सर्वांना ती रुचली नव्हती. सतराव्या शतकात स्ट्रासबर्गचा ल्यूथरपंथी धर्मोपदेशक डानहाउअर याने या थाटावर टीका केली होती. कॅथलिक घरांचा जीव गोठ्यात. १२२३मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो इथे संत फ्रान्सिस यांनी ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला आणि पुढे त्यांच्या फ्रान्सिस्कन संघाने ती परंपरा पसरवली. याच संघाचा मठ वसईच्या किल्ल्यात होता. रोममध्ये सेंट पीटर चौकातसुद्धा झाड उभं राहिलं ते १९८२मध्ये, पोलंडहून आलेल्या पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात.

इंग्रजी वाटेने

मग वसईत झाड आलं कसं? सर्वांत संभवनीय वाट इंग्रजांची. इंग्लंडची राणी शार्लट हिने १८००मध्ये विंडसरला झाड सजवलं होतं. पण ते घराघरांत शिरलं ते १८४८मध्ये, 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने राणी व्हिक्टोरिया आणि तिचा पती अल्बर्ट यांच्या झाडाभोवती जमलेल्या कुटुंबाचं चित्र छापल्यावर. हा अल्बर्ट फर्डिनांडचा चुलतभाऊ. एकाच जर्मन घराण्याने दोन राजवाड्यांत एकच रीत रुजवली. वसई १८१८पासून इंग्रजी अमलात होती, आणि पुढे रेल्वेने मुंबई जवळ आली. विजेची माळही परदेशीच: १८८२मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने ऐंशी रंगीत दिव्यांनी पहिलं झाड उजळवलं.

फर मात्र आपल्या किनाऱ्यावर उगवत नाही. ती जागा सुरूने घेतली. सुरू दिसायला सूचिपर्णी. प्रत्यक्षात तो फुलणारा वृक्ष, मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा. ज्या हिरव्या सुया वाटतात त्या बारीक फांद्या. खरी पानं त्यांच्या पेरांवरचे इवलेसे खवले. रोपवाटिकेत 'क्रिसमस ट्री' म्हणून मिळणारं अरॉकेरिया खरोखर सूचिपर्णी आहे, पण तेही पॅसिफिक बेटांवरचं. फरचं दूरचं नातलग.

वसईत आजही पोरं रात्री जागवतात ती गोठ्यासाठी आणि गावोगाव हिंडून लोक पाहतात ते देखावे. झाड घराच्या कोपऱ्यात, पाहुण्याच्या जागी. पाहुणा उशिरा आला म्हणून परका ठरत नाही. पण घर त्यानेच बांधलं, असंही म्हणू नये.