फ्रीजमधला गॅस खरेच 'संपतो' का?

एप्रिल-मे महिन्यांतील उकाड्याचे दिवस. सकाळी तापवून ठेवलेले दूध संध्याकाळी नासते, पाण्याच्या बाटल्या कोमटच राहतात आणि आमरसाच्या पातेल्याला आंबूस वास येऊ लागतो. घाईघाईने मेकॅनिकला बोलावले जाते. तो फ्रीजच्या मागच्या बाजूला हात लावून पाहतो आणि दोन मिनिटांत निदान करतो, 'गॅस संपलाय, भरावा लागेल.' चार आकडी रक्कम मोजली जाते. काही दिवस फ्रीज उत्तम गार होतो आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शहरातील असंख्य घरांना परिचित असलेला हा प्रसंग आहे. पण फ्रीजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील गॅससारखा खरोखरच संपतो का?

याचे उत्तर नि:संदिग्धपणे 'नाही' असे आहे. फ्रीजमधील गॅस जळत नाही की खर्च होत नाही. झाळून पूर्ण बंद केलेल्या नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती गळती न शोधता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतण्यासारखे आहे. त्यातही महत्त्वाची गोष्ट अशी की, फ्रीज गार न होण्यामागे अनेकदा गॅसचा काहीच संबंध नसतो. कारण साधे असते आणि ते घरच्या घरी शोधता येते.

उष्णता बाहेर कशी जाते?

फ्रीज थंडावा निर्माण करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तो आतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. फ्रीजच्या तळाशी मागच्या बाजूस असलेला काळा, घुमटाकार कॉम्प्रेसर गॅसवर दाब देतो. दाबामुळे तापलेला गॅस कंडेन्सरच्या नळ्यांतून जाताना आपली उष्णता स्वयंपाकघरातील हवेला देतो आणि द्रवरूप होतो. पुढे केसासारख्या बारीक नळीतून तो फ्रीझरच्या नळ्यांत शिरतो. तेथे दाब एकदम कमी झाल्याने त्याचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो आतील पदार्थांकडून घेतो. माठातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते, तेच तत्त्व येथे यंत्राच्या साहाय्याने पुन:पुन्हा राबवले जाते.

हे एकदा ध्यानात आले की बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो. उष्णता बाहेर पडण्याची वाट अडली, आत नको तेवढी उष्णता शिरली किंवा आतील हवा खेळती राहिली नाही, तर गॅस पुरेसा असूनही फ्रीज गार होणार नाही.

मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी

सर्वप्रथम पाहावी ती फ्रीजची जागा. मुंबई-पुण्याच्या लहान सदनिकांमध्ये फ्रीज भिंतीला चिकटवून, दोन कपाटांच्या मधोमध बसवलेला असतो. मागे किमान चार बोटे जागा मोकळी हवी आणि बाजूंनाही थोडी हवा खेळती हवी. जुन्या फ्रीजच्या मागे नळ्यांची काळी जाळी दिसते. नव्या अनेक फ्रीजमध्ये या नळ्या बाजूच्या पत्र्याआड दडवलेल्या असतात. त्यामुळे बाजू गरम लागणे हा दोष नव्हे, उष्णता बाहेर पडत असल्याची ती खूण आहे. मात्र या बाजूंवर जाड कव्हर घातले, तर ती वाट बंद होते. मागची जाळी धूळ आणि स्वयंपाकाच्या तेलकट वाफांनी माखलेली असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने ती स्वच्छ करावी. सहा महिन्यांतून एकदा एवढे केले तरी फरक जाणवतो. उन्हाची तिरीप व गॅसची शेगडी यांपासूनही फ्रीज दूर असावा.

दुसरी तपासणी दाराच्या रबराची, म्हणजेच गास्केटची. या रबरात चुंबकाची पट्टी असते आणि तिच्यामुळे दार घट्ट बसते. दारात कागदाचा कपटा धरून दार बंद करावे व कपटा ओढून पाहावा. तो सहज निघाला तर तेथून बाहेरची दमट हवा आत शिरते आहे, असे समजावे. दाराच्या चारही बाजूंना अशी परीक्षा घ्यावी. अनेकदा रबराच्या घड्यांत साचलेला चिकट मळ साबणाच्या कोमट पाण्याने पुसला की दार पुन्हा नीट बसते. रबर फाटले वा ताठर झाले असेल, तर ते बदलावे. हा खर्च गॅस भरण्याच्या तुलनेत किरकोळ असतो.

तिसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. त्याच्या चकतीवरील आकडे म्हणजे तापमानाचे अंश, असा अनेकांचा समज असतो व उन्हाळ्यात 'अधिक गार' करण्यासाठी आकडा कमी केला जातो. बहुतेक चकत्यांवर आकडा जितका मोठा तितका थंडावा अधिक. ज्या फ्रीजवर प्रत्यक्ष अंश दिसतात, तेथे अर्थातच उलट असते. खात्री करण्यासाठी पाण्याच्या पेल्यात साधा तापमापक बुडवून तो मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा. सकाळी पारा ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असावा. फ्रीझरचे तापमान उणे १८ अंशांच्या आसपास हवे.

दारातील दिवा हेदेखील एक छुपे कारण असते. दार लावल्यावर तो विझतो की नाही, हे चौकटीतील बटण बोटाने दाबून पाहावे. विशेषत: जुन्या पद्धतीचा दिवा आत सतत पेटत राहिला, तर तो फ्रीजमध्ये शेगडीचेच काम करतो.

अखेरची बाब सवयींची. आमटीचे वाफाळते पातेले तसेच आत ठेवणे, फळ्यांवर वर्तमानपत्र वा प्लास्टिक अंथरणे, भाज्या व डबे कोंबून भरणे यांमुळे गार हवेला फिरायला जागाच उरत नाही.

बर्फ, पाणी आणि आवाज

एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये फ्रीझरवर बर्फाचा थर साचतो. थर अर्धा सेंटिमीटर झाला की तो वितळवणे आवश्यक आहे, कारण बर्फ हा उष्णतेला अडवणाराच पदार्थ आहे. त्यासाठी डीफ्रॉस्टचे बटण दाबावे किंवा फ्रीज बंद करून दार उघडे ठेवावे. सुरी, स्क्रू-ड्रायव्हर यांनी बर्फ खरवडणे हा मात्र महागात पडणारा उद्योग आहे. फ्रीझरच्या पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्याला लागूनच गॅसच्या वाहिन्या असतात. सुरीचे टोक लागले की त्यांना भोक पडते आणि सगळा गॅस निघून जातो. गॅस 'संपण्या'ची अनेक खरी प्रकरणे अशी घरातच घडतात.

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ आपोआप वितळवणारा हीटर आणि गार हवा फिरवणारा पंखा असतो. वर बर्फ जमतो, पण खालच्या कप्प्यात भाज्या सुकतात व दूध नासते, अशी तक्रार असेल तर हवेच्या जाळीसमोर डबे आले आहेत काय ते आधी पाहावे. जाळी मोकळी असूनही तक्रार कायम राहिली, तर हीटर बिघडल्याने आतील नळ्यांवर बर्फाचा ढीग जमला असण्याची किंवा पंखा बंद पडला असण्याची शक्यता असते. हे काम मेकॅनिकचे, परंतु तेथेही गॅसचा प्रश्न येत नाही.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर आतल्या मागच्या भिंतीवरील निचऱ्याचे छिद्र भाजीच्या कचऱ्याने तुंबलेले असते. कोमट पाणी हळूहळू सोडून ते मोकळे करावे. पावसाळ्यात दाराबाहेर घाम आल्यासारखे थेंब दिसतात. दमट हवेत ते स्वाभाविक आहे.

आवाजांचेही अर्थ आहेत. पाणी खळखळल्यासारखा किंवा पत्रा ताणल्यासारखा हलका आवाज नेहमीचाच. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर मंद गतीने दीर्घकाळ चालू राहतो, तोही बिघाड नव्हे. मात्र कॉम्प्रेसर सुरू न होता दर काही मिनिटांनी 'टक्' असा आवाज येत असेल तर विजेचा दाब कमी आहे, रिले खराब आहे किंवा कॉम्प्रेसरच अडकला आहे, असे संभवते. अशा वेळी फ्रीज बंद करून ठेवणे श्रेयस्कर. वीज गेल्यावर किंवा प्लग काढल्यावर लगेच फ्रीज सुरू करू नये. नळ्यांमधील दाब समान होण्यास किमान पाच मिनिटे द्यावीत. फ्रीजला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर क्षणाचाही विलंब न करता मुख्य बटण बंद करावे आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

गॅस भरायचाच असेल तर

गळतीची लक्षणे वेगळी असतात. कॉम्प्रेसर न थांबता चालतो, पण कंडेन्सर फारसा तापत नाही. साध्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या एखाद्या कोपऱ्यातच बर्फ जमतो. नळीत कचरा अडकल्यावरही असेच होऊ शकते, म्हणून नेमके कारण विचारावे. गळती शोधून ती झाळली का, फिल्टर-ड्रायर बदलला का, पंपाने नळ्यांतील हवा पूर्ण काढली का आणि गॅस वजन करून भरला का, हे प्रश्न ग्राहकाने नि:संकोच विचारावेत. गॅसचा प्रकार आणि त्याचे ग्रॅममधील प्रमाण फ्रीजवरील पट्टीवर छापलेले असते. बिल, हमीची मुदत व बदललेला जुना भागही मागून घ्यावा.

गॅसचा प्रकार जाणून घेणे सुरक्षिततेसाठीही अगत्याचे आहे. गोदरेजने १९५८ मध्ये पहिला भारतीय फ्रीज बाजारात आणला, त्यानंतर कित्येक दशके फ्रीजमध्ये आर-१२ हा गॅस वापरला जाई. तो ओझोनच्या थराला घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार हद्दपार झाला. भारतात २०१० पर्यंत या वर्गातील वायूंचा वापर थांबवण्यात आला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, परंतु हवेत मिसळल्यास कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. आता नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजेच आयसोब्युटेन सर्रास वापरला जातो. पर्यावरणाला तो सौम्य आहे, मात्र ज्वालाग्राही आहे. त्याचे प्रमाण बहुधा शंभर ग्रॅमपेक्षाही कमी असते, त्यामुळे नेहमीच्या वापरात धास्तीचे कारण नाही. दुरुस्तीच्या वेळी मात्र खिडक्या उघड्या व शेगडी बंद असलीच पाहिजे. बंदिस्त स्वयंपाकघरात ज्योत पेटवून झाळकाम करण्यास स्पष्ट नकार द्यावा. एका प्रकारच्या गॅसच्या जागी दुसरा भरू देऊ नये.

अन्नाचे काय?

फ्रीज बिघडला की खर्चाची चिंता आधी होते. वास्तविक पहिली काळजी अन्नाची असावी. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वीज गेल्यास दार उघडू नये. बंद फ्रीजमधील अन्न साधारण चार तास टिकते. पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास, तर अर्धा भरलेला २४ तास गारवा धरून ठेवतो. त्यानंतर दूध, मांस, मासे, शिजवलेला भात व वरण यांबाबत धोका पत्करू नये. वास आला नाही म्हणजे पदार्थ चांगला, ही कसोटी विश्वसनीय नाही. घरात लहान मूल, गर्भवती किंवा वृद्ध व्यक्ती असल्यास शंका येताच तो टाकून देणे इष्ट.

देखभालीचे वेळापत्रक मुळीच अवघड नाही. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून आतील बाजू व गास्केट पुसावे, निचऱ्याचे छिद्र पाहावे. सहा महिन्यांनी मागची धूळ काढावी आणि तेव्हाच उंदरांनी वायर कुरतडलेली नाही ना, हेही पाहावे. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी कागदाची आणि तापमापकाची परीक्षा घ्यावी. एवढे करूनही फ्रीज गार होत नसेल, तर मेकॅनिकला अवश्य बोलवावे. आणि तो 'गॅस संपलाय' म्हणाला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा, 'गळती कोठे आहे, ते दाखवता का?'