दिवाणखान्यातील द्वारपाल

मुलांच्या दृष्टीस कोणती हिंसा पडावी आणि कोणती पडू नये, याचा निवाडा सरकारने करावा की आईबापांनी, या वादावर अमेरिकेने जो तोडगा काढला तो एका चिमुकल्या यंत्रभागाच्या आधारे. १९९६ च्या दूरसंचार कायद्यान्वये १३ इंच वा त्याहून मोठ्या पडद्याच्या नव्या दूरचित्रवाणी संचांत ‘व्ही-चिप’ बसविणे सक्तीचे झाले आणि त्याच्या संपूर्ण अंमलासाठी १ जानेवारी २००० ही मुदत मुक्रर झाली. कार्यक्रमासमवेत पडद्यावर न उमटणाऱ्या संकेतांतून त्याची श्रेणीही घरात येते, आणि ती पालकांनी आखून दिलेल्या मर्यादेपलीकडची निघाली की चिप चित्र अडविते.

‘टीव्ही-वाय’ या निखळ बालश्रेणीपासून केवळ प्रौढांच्या ‘टीव्ही-एमए’पर्यंतची ही प्रतवारी १९९७ च्या आरंभी सुरू झाली, तेव्हा तीत वयाखेरीज कशाचाच निर्देश नव्हता, पालक-संघटनांनी तक्रारींचा मारा केल्यावर त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून हिंसेसाठी ‘व्ही’, तर बालकार्यक्रमांतील काल्पनिक मारामारीसाठी ‘एफव्ही’ अशी अक्षरे जोडण्यात आली. (बलाढ्य वीराने राक्षसास लोळविले तर ती हिंसा सौम्य कशी, हे कोडे मात्र सुटत नाही.)

मौजेची बाब अशी की, श्रेणी देण्याची मुखत्यारी खुद्द प्रक्षेपकांकडेच आहे. फिर्याद ज्याच्याविरुद्ध, तोच मुन्सफ! बातम्यांना तर श्रेणीच लागत नाही, त्यामुळे युद्धवार्तेतील खरे रक्त या द्वारपालासमोरून बिनदिक्कत आत येते.