पाच मतांची किंमत

गेल्या उन्हाळ्यात लंडनला मुलीकडे गेलो होतो. एका रविवारी तिला आग्रह करून सॅलिस्बरीजवळच्या ओल्ड सारमला घेऊन गेलो. पाहतो तो काय, गवताने झाकलेली टेकडी आणि पडक्या किल्ल्याचे दगड!

“बाबा, एवढ्यासाठी इतक्या लांब यायचं होतं?”

“अगं, या दगडांना एके काळी दोन खासदार होते!”

ही थट्टा नव्हे. १८३१ साली इथे अकरा मतदार होते आणि त्यांतला एकही इथे राहत नव्हता. तरी पार्लमेंटात यांचे दोन सभासद! गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला मात्र एकही नाही. शिवाय मतदान उघड. कुळाने मत कोणाला दिले, हे जमीनदाराला कळायचेच.

१८३२ च्या कायद्याने असे ५६ मतदारसंघ मोडीत काढले आणि मँचेस्टरला दोन जागा दिल्या. मजुराच्या हाती मात्र फारसे काही पडले नाही. शहरातल्या कामगारांना १८६७ साली, खेड्यातल्यांना १८८४ साली मत मिळाले. मधे १८७२ साली गुप्त मतदान आले. बायकांना १९१८ पर्यंत थांबावे लागले आणि पुरुषांची बरोबरी व्हायला १९२८ उजाडले. वाडा न पाडता एकेक खण दुरुस्त करावा, तसला हा प्रकार. पण त्यामुळेच पुढारी जमीनदाराच्या दिवाणखान्यातून उठून कामगाराच्या दारात आला.

दुरुस्ती अजून संपलेली नाही. २०२४ साली मजूर पक्षाला मते पडली सुमारे एक तृतीयांश, जागा मिळाल्या ६५० पैकी ४११!

“मग माझ्या एका मतानं काय होणार?” लेक म्हणाली. राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून तिला तिथे मताचा हक्क आहे. पण तिने नावच नोंदवले नव्हते.

मी तिला आपल्या मुंबईच्या दादाभाई नौरोजींची गोष्ट सांगितली. १८८५ च्या फेररचनेत लंडनमध्ये सेंट्रल फिन्सबरी हा मतदारसंघ निर्माण झाला. १८९२ साली दादाभाई तिथून निवडून आले, अवघ्या पाच मतांनी! त्या पाच जणांनी घरी बसायचे ठरवले असते, तर?

ती काही बोलली नाही. मी मुंबईला परतल्यावर तिचा फोन आला, “बाबा, नाव नोंदवलं हं!”

मला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. कारण मागच्या खेपेस मतदानाची सुट्टी साधून मी स्वतः माथेरानला गेलो होतो!